कॉम्प्युटरमध्ये पहिला मान कुणाला

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे दोन महिने माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत घुमट आरतीवाल्यांची ये-जा असते. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य, त्याच्या तालावर ही आरती गातात. खोली म्हणजे गोव्यात माशेलातल्या आमच्या घराची मागची पडवी. भिंतींना जुन्या गाद्या आणि काथ्याच्या चटया लावून मी ती बंदिस्त करून घेतली आहे. कौलांवरचा पाऊस पूर्ण अडत नाही, पण घुमट वाजायला लागला की पावसाचं काही चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी आषाढात आठ जण आले होते. दोन घुमट, एक शामेळ (हाही एक तालवाद्याचा प्रकार), कासाळे म्हणजे झांजा, आणि बाकीचे गाणारे. मुख्य गाणारा दुसऱ्याच दिवशी बोटीवर चढायला निघणार होता, नऊ महिन्यांसाठी. त्या वर्षीच्या चवथीला तो घरी नसणार म्हणून त्याच्या आईला त्याच्या आवाजातली आरती हवी होती. तिसऱ्या खेपेला सगळं जुळलं. शेवटच्या थापेनंतर कुणी हललं नाही, खोकलं नाही. मग तो हळूच म्हणाला, "झाली गे बाय." सगळ्यांनी चहा घेतला आणि भिजत घरी गेले.

रात्री हेडफोन लावून ऐकायला बसले. दुसऱ्या कडव्यात 'टिक' असा आवाज. पुढे आणखी दोन ठिकाणी तेच. पडद्यावर ती जागा मोठी करून पाहिली. घुमटाची थाप पडद्यावर कशी दिसते सांगते: एकदम उभा कडा, मग मातीच्या मडक्यातली घुमघुम विरत जाते तसा लांब उतार. त्या उताराच्या मध्येच रेघ सुरीने कापल्यासारखी सपाट झाली होती. जेमतेम दहा मिलिसेकंद, आणि पुढे उतार पुन्हा सुरू, पण जोड जमलेला नाही. दोन ठिकाणी आरतीतलीच तशी दुसरी थाप उचलून लावली. तिसरी जागा मात्र त्याच्या आवाजावर आली होती, 'देवा' म्हणताना 'वा' लांबवतो तिथे. तिथे दुसरं काही लावता येईना. तो टिक आजही त्या आरतीत आहे आणि ऐकला की मला अजून वाईट वाटतं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. त्याच लॅपटॉपवर मागे एका लग्नाचा व्हिडिओ तयार होत होता. सकाळी द्यायचा होता म्हणून मी तो सुरू करून ठेवला होता, आणि त्याने प्रोसेसरचे चारही कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे त्याचे चार भाग, पूर्ण व्यापले होते. माझं रेकॉर्डिंग त्या गर्दीत रांगेत उभं होतं.

त्यानंतर मी विंडोजमधली प्रायॉरिटी, म्हणजे प्रोसेसरवर पहिला मान कुठल्या कामाला हे ठरवायची सोय, नीट शिकले. आता जवळजवळ प्रत्येक भजनी मंडळात, प्रत्येक नाटकमंडळीत कुणीतरी एक जण लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. त्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आधी यामागचं गणित

विंडोज प्रत्येक कामाला ० ते ३१ या पट्टीवर एक आकडा देते. आपल्याला पडद्यावर आकडे दिसत नाहीत, सहा नावं दिसतात. लो म्हणजे ४, बिलो नॉर्मल ६, नॉर्मल ८, अबव्ह नॉर्मल १०, हाय १३ आणि रियलटाइम २४. आपण काही केलं नाही तर बहुतेक सगळे प्रोग्राम नॉर्मलवर, म्हणजे ८ वर चालतात. प्रोग्रामच्या पोटात कामाचे अनेक धागे, म्हणजे थ्रेड, असतात आणि खरा आकडा प्रत्येक थ्रेडला असतो. प्रोग्रामचा दर्जा हा त्या आकड्यांचा पाया. पाया हलवला की त्यावरचे सगळे थ्रेड वरखाली होतात.

नियम असा की तयार असलेल्यांपैकी ज्याचा आकडा मोठा, त्याला प्रोसेसर मिळतो. आकडा सारखा असेल तर ते आळीपाळीने चालतात. घरगुती विंडोजमध्ये एका पाळीचा तुकडा साधारण ३० मिलिसेकंदांचा असतो आणि जी खिडकी समोर उघडी आहे तिला विंडोज जरा लांब तुकडा देते.

इथे एक गैरसमज फार जणांचा असतो, माझाही होता. ८ आणि ६ म्हणजे वेळेची वाटणी आठास सहा अशी होते, असं वाटतं. तशी वाटणी नसते. ८ वाल्याला काम असेपर्यंत ६ वाल्याला त्या कोअरवर पाळीच येत नाही. ८ वाला थांबला की उरलेल्या वेळात ६ वाला. आणि ६ वाला चालू असताना ८ वाला तयार झाला, तर ६ वाल्याला अर्ध्यातच उठवलं जातं. अगदीच उपाशी राहिलेला कुणी असेल तर सुमारे चार सेकंदांनी विंडोज त्याला थोड्या वेळापुरतं १५ वर उचलते, म्हणजे तोही कायमचा अडकून पडत नाही. म्हणून एखाद्या कामाला एकच पायरी खाली उतरवलं तरी खूप फरक पडतो. लोपर्यंत ढकलायची गरज क्वचितच लागते.

आता आवाजाचं गणित. मी सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे आवाजाची तितकी मापं, या वेगाने रेकॉर्ड करते आणि बफर, म्हणजे आवाज तात्पुरता साठवायची जागा, २५६ नमुन्यांचा ठेवते. २५६ भागिले ४८,००० म्हणजे ५.३ मिलिसेकंद. नळाखाली कळशी ठेवावी आणि ती दर ५.३ मिलिसेकंदांनी भरावी, तसं हे आहे. भरायच्या आत बदलली नाही तर पाणी सांडलं. तेवढा आवाज गेला, परत येत नाही. दुसरीकडे पाळीचे तुकडे ३० मिलिसेकंदांचे. व्हिडिओ आणि रेकॉर्डिंग एकाच आकड्यावर असतील आणि कोअर एकही मोकळा नसेल, तर कळशी कधी ना कधी सांडणारच.

काकांनी सांगितलेलं

माझे काका देवळांतल्या उत्सवी नाटकांना साउंड लावायचे. मी शाळेत असताना त्यांच्याबरोबर मिक्सरपाशी बसायचे. एकदा नाटकात पदाच्या वेळी गाणाऱ्याचा आवाज ऐकू येईना, म्हणून मी त्याचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, वर ढकलायला गेले. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "बाय, त्याला वर काढू नको. ऑर्गन खाली घे, तबला खाली घे. तो आपोआप वर येतो." गाणाऱ्याला वर ढकलत गेलं की शेवटी स्पीकर शिटी मारतो, हे मग मी स्वतः अनुभवलं.

कॉम्प्युटरमध्ये अगदी हेच करायचं. महत्त्वाच्या प्रोग्रामला हायवर चढवायचा मोह होतो आणि बहुतेक ठिकाणी सल्लाही तोच मिळतो. मी तसं करत नाही. महत्त्वाचा प्रोग्राम आहे तिथेच, नॉर्मलवर राहू द्यायचा. जी कामं थांबू शकतात त्यांना बिलो नॉर्मलवर बसवायचं. पुढे येणारं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

खरंच प्रोसेसर अडतो आहे का, ते आधी पाहा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क असे आलेख दिसतात. आपलं नेहमीचं काम सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा. ही दोन मिनिटं कुणी देत नाही आणि मग नको तिथे औषध लावत बसतात.

सीपीयू ९० ते १०० टक्क्यांवर टेकून बसत असेल तर प्रायॉरिटी कामाला येईल. सीपीयू ३० टक्क्यांवर असेल आणि तरी सगळं अडखळत असेल, तर येणार नाही. रांगच नसेल तर पहिला मान कुणाला या प्रश्नाला अर्थ नसतो.

ओळखीच्या एका गुरुजींनी त्यांचा जुना कॉम्प्युटर आणून दाखवला होता. कीर्तनाच्या रेकॉर्डिंगमध्ये खंड पडत होता. सीपीयू अगदी निवांत, डिस्क मात्र १०० टक्के. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क होती, तिच्यावर एकीकडे बॅकअप लिहिला जात होता आणि दुसरीकडे आवाज. टास्क मॅनेजरमधून प्रायॉरिटी कमी केली तरी डिस्कवरच्या रांगेत त्या प्रोग्रामचा क्रम बदलत नाही. ती रांग वेगळी. गुरुजींना मी बॅकअप बंद करून दिला आणि एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घालून घ्यायला सांगितलं. मेमरी भरली असेल तरी तसंच, प्रायॉरिटीने मेमरी वाढत नाही. आणि नेट हळू असेल तर त्याचाही याच्याशी संबंध नाही.

आमच्याकडे आणखी एक कारण असतं, एप्रिल-मेचा उकाडा. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. काम जोरात असताना तो घसरत गेलेला दिसला, तर लॅपटॉपखाली हवा खेळू द्या, त्याची जाळी साफ करा. गादीवर ठेवून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना मी नेहमी आधी खाली लाकडी पाट ठेवायला सांगते.

बदल कुठे करायचा

टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स नावाचं पान आहे. विंडोज ११ मध्ये ते डाव्या बाजूच्या पट्टीत असतं, १० मध्ये वर. पहिल्या पानावर, म्हणजे प्रोसेसेसमध्ये, प्रोग्रामचं ओळखीचं नाव दिसतं. डिटेल्समध्ये मात्र त्याच्या फाइलचं नाव असतं आणि ते कधीकधी ओळखू येत नाही. म्हणून पहिल्या पानावर प्रोग्राम शोधा, त्यावर उजवं बटण दाबा आणि गो टू डिटेल्स निवडा. बरोबर त्याच ओळीवर जाल.

त्या ओळीवर पुन्हा उजवं बटण, मग सेट प्रायॉरिटी. सहा नावांची यादी येते. बिलो नॉर्मल निवडा. विंडोज विचारते की खरंच बदलू का, होय म्हणा. झालं. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायची गरज नाही, त्या क्षणापासून लागू होतं.

कुणाला खाली घ्यायचं? माझ्याकडे ठरलेली मंडळी आहेत. व्हिडिओ तयार करणारा प्रोग्राम सगळ्यात आधी. मग क्लाउडवर फायली चढवणारा, मग फोटोंची यादी करत बसणारा. ब्राउझर खाली घेण्यापेक्षा सरळ बंदच करा. त्याच्या डिटेल्समध्ये पंधरा-वीस ओळी असतात, एकेकीला खाली घेत बसण्यात रेकॉर्डिंगची वेळ निघून जाते.

विंडोज ११ मध्ये याच मेनूत एफिशियन्सी मोड असंही एक नाव दिसेल. ते निवडलं की प्रोग्राम लो प्रायॉरिटीवर जातो आणि त्याच्यासाठी प्रोसेसर वीज वाचवण्याच्या पद्धतीने चालतो. ओळीजवळ हिरवं पान दिसायला लागतं. क्लाउडच्या प्रोग्रामला हे छान लागू पडतं. व्हिडिओला लावू नका, सकाळपर्यंत तयार होणार नाही.

अँटिव्हायरसच्या ओळीवर प्रायॉरिटी बदलायला गेलात तर विंडोज नकार देते. ते ठीकच आहे, त्याच्याशी झगडू नका. रेकॉर्डिंगच्या आधी त्याचं स्कॅन चालू नाही ना, एवढं पाहा आणि स्कॅनची वेळ रात्रीची करून ठेवा.

आणि काही ओळींना अजिबात हात लावायचा नाही. सिस्टिम, विंडोजच्या स्वतःच्या सेवा, आणि विशेषतः विंडोज ऑडिओ डिव्हाइस ग्राफ आयसोलेशन. हे शेवटचं लांबलचक नाव अनोळखी वाटतं आणि सीपीयू खाताना दिसलं की लोक त्याला खाली दाबतात. आवाज त्याच्याच हातून जातो-येतो. त्याला खाली दाबलं की तुमचं रेकॉर्डिंग त्याची वाट बघत बसतं.

हा फास किती वाईट असू शकतो याची एक खरी गोष्ट आहे. जुलै १९९७ मध्ये नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर आपोआप पुन्हा पुन्हा सुरू व्हायला लागला. हवामानाची माहिती गोळा करणारं एक कमी प्रायॉरिटीचं काम होतं. मोठ्या प्रायॉरिटीच्या एका कामाला लागणारं एक कुलूप त्याच्या हातात होतं. ते काम कुलूप सोडणार, तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीचं संदेशांचं काम येऊन त्याला उठवायचं. त्यामुळे मोठा बिचारा छोट्यासाठी ताटकळत राहायचा आणि मधले पुढे जायचे. शेवटी पाहारेकरी म्हणून ठेवलेला टायमर संपायचा आणि कॉम्प्युटर नव्याने सुरू व्हायचा. पृथ्वीवरच्या इंजिनियरांनी इथे तीच चूक घडवून पाहिली. मग मोठा ज्याच्यासाठी थांबला आहे त्याला तेवढ्यापुरती मोठ्याची प्रायॉरिटी मिळावी, ही आधीपासून असलेली पण बंद ठेवलेली सोय दूरवरून सुरू करून दिली. यान नीट चालू लागलं. कुणाचं काम कुणावर अवलंबून आहे हे कळल्याशिवाय कुणाला खाली दाबू नये, हे मला त्या गोष्टीतून पटलं.

रियलटाइमच्या वाटेला जाऊ नका

नाव ऐकून वाटतं की थेट रेकॉर्डिंगसाठीच ते केलेलं असेल. मलाही वाटलं होतं. रियलटाइम म्हणजे २४, आणि १६ च्या वर विंडोजची स्वतःची नाजूक कामं असतात. तिथे गेलेला प्रोग्राम सतत काम मागत राहिला तर माउस, कीबोर्ड, डिस्कवर लिहिणं, सगळं त्याच्यामागे थांबू शकतं. मी रेकॉर्डर रियलटाइमवर ठेवून त्यात आवाज साफ करायचं जड काम लावलं आणि माउसचा बाण जागीच गोठला. टास्क मॅनेजर उघडेना. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. सुदैवाने त्या वेळी खोलीत गाणारं कुणी नव्हतं.

आणखी एक. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून टास्क मॅनेजर उघडला नसेल, तर रियलटाइम निवडलं तरी प्रत्यक्षात हाय लागतं. म्हणून कुणी सांगितलं की "मी रियलटाइमच ठेवतो, काही होत नाही," तर बहुधा त्याचा प्रोग्राम १३ वरच असतो.

हाय मी एकाच वेळी वापरते. देवळातल्या सप्ताहाचं थेट प्रक्षेपण असतं तेव्हा ओबीएस या प्रक्षेपणाच्या प्रोग्रामसाठी, आणि तेही अबव्ह नॉर्मलने भागलं नाही तरच. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्डच्या पानावर प्रोसेस प्रायॉरिटी आहे, तिथे एकदा ठरवलं की टास्क मॅनेजरमध्ये जावं लागत नाही.

दर वेळी करावं लागू नये म्हणून

टास्क मॅनेजरमधला बदल प्रोग्राम बंद होईपर्यंतच टिकतो. उद्या तोच प्रोग्राम उघडलात की पुन्हा नॉर्मल. म्हणून व्हिडिओच्या प्रोग्रामसाठी मी एक छोटी बॅच फाइल, म्हणजे उघडली की आत लिहिलेली कमांड चालवणारी फाइल, करून डेस्कटॉपवर ठेवली आहे. कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची, मी इथे ती बोलून सांगते.

नोटपॅड उघडा. पहिला शब्द स्टार्ट. एक जागा सोडा. मग दोन दुहेरी अवतरणचिन्हं एकमेकांना लागून, मध्ये काहीही नाही. पुन्हा जागा. मग तिरकी रेघ, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, आणि तिला चिकटून बिलोनॉर्मल, सगळा एकच शब्द. पुन्हा जागा, आणि शेवटी प्रोग्रामच्या फाइलचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत.

पत्ता हाताने लिहू नका, एक अक्षर चुकतंच. प्रोग्राम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्यावर उजवं बटण दाबा आणि ओपन फाइल लोकेशन निवडा. जी फाइल निवडलेली दिसेल तिच्यावर शिफ्ट दाबून उजवं बटण, मग कॉपी ॲज पाथ. पत्ता अवतरणचिन्हांसकट येतो, नोटपॅडमध्ये चिकटवा.

ती दोन रिकामी अवतरणचिन्हं लोक हमखास गाळतात. मग स्टार्ट ही कमांड अवतरणातला पहिला मजकूर खिडकीचं शीर्षक समजते, तुमचा पत्ता शीर्षकात जातो, नुसती काळी खिडकी उघडते आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. रिकामं शीर्षक दिलं की हा घोळ होत नाही.

फाइल सेव्ह करताना खालच्या प्रकारात ऑल फाइल्स निवडा आणि नावाच्या शेवटी टिंब आणि बॅट लिहा, नाहीतर ती साधी मजकुराची फाइल होईल. आता प्रोग्राम नेहमी या फाइलवर डबल क्लिक करून उघडायचा.

या पद्धतीचा एक फायदा लगेच दिसत नाही. बिलो नॉर्मलवर सुरू झालेला प्रोग्राम आपल्या हाताखाली दुसरा प्रोग्राम सुरू करतो, तेव्हा त्या दुसऱ्याने स्वतः वेगळं काही मागितलं नसेल तर तोही बिलो नॉर्मलवरच येतो. व्हिडिओचे प्रोग्राम असं करतात, मुख्य खिडकी एक आणि खरं काम करणारा मागे दुसराच. टास्क मॅनेजरमधून फक्त मुख्य खिडकीला खाली घेतलं तर मागचा नॉर्मलवरच धावत राहतो. हायचं तसं नाही, तो दर्जा हाताखालच्याला आपोआप मिळत नाही.

हँडब्रेकसारख्या व्हिडिओच्या काही प्रोग्राममध्ये प्रायॉरिटी त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्येच असते. ते आधी बघा. सोय असेल तर बॅच फाइल कशाला.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, नोंद करूनही कायमचा दर्जा देता येतो. मी ते करत नाही. सहा महिन्यांनी आपणच विसरतो आणि मग प्रोग्राम हळू का हे शोधत बसतो. डेस्कटॉपवरची फाइल निदान डोळ्यांसमोर असते.

प्रायॉरिटी बरोबर असूनही टिक येत असेल तर

मग ड्रायव्हर, म्हणजे वायफाय, साउंड असे कॉम्प्युटरचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, पाहा. ड्रायव्हरांची काही कामं विंडोजमध्ये सगळ्या प्रायॉरिटींच्या वर चालतात, ३१ सुद्धा त्यांच्यापुढे थांबतो. वायफायचा ड्रायव्हर यात नेहमीचा. रेकॉर्डिंगच्या वेळी मी विमानाचं चिन्ह दाबून वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद करते. खात्री करायची असेल तर लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम आहे, तो दहा मिनिटं चालू ठेवला की कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते दाखवतो.

बफर वाढवा. २५६ चा ५१२ केलात तर कळशी १०.७ मिलिसेकंदांची होते, १०२४ केलात तर २१ च्या वर. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये कॉम्प्युटरमधून परत ऐकायचा असेल तर एवढा उशीर त्याला खटकतो. पण घुमट आरतीवाले हेडफोन लावतच नाहीत, समोरासमोर बसून गातात. मग बफर छोटा ठेवण्याचा हट्ट कशासाठी? मी आता त्यांच्यासाठी सरळ १०२४ ठेवते.

पावसाळ्यात आणखी एक बघायचं. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि वीज वाचवायला वेग कमी करतो, ऐन कडव्यात. मी लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावते आणि विजेच्या सेटिंगमध्ये बॅटरीवर असतानाही बेस्ट परफॉर्मन्स ठेवते.

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी रेकॉर्डिंगच्या सेटिंगमधली ड्रॉपआउट ओळखण्याची सोय चालू ठेवावी. आवाज कुठे गळाला त्याची खूण ती तिथल्या तिथे करून देते. माणसं खोलीत आहेत तोवर कळलं, तर पुन्हा एकदा गाऊन घेता येतं.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे नाइस नावाचा आकडा असतो, उणे २० ते १९, नेहमीचा ०. आकडा जितका मोठा तितकं ते काम दुसऱ्यांना पुढे जाऊ देतं, म्हणून ते नाव. १० वगैरे आकडा कुणीही लावू शकतो, उण्यात जायला मात्र रूटचा, म्हणजे तिथल्या ॲडमिनिस्ट्रेटरचा, अधिकार लागतो. चालू कामाचा आकडा रीनाइसने बदलतो. डिस्कच्या रांगेसाठी तिथे आयोनाइस ही वेगळी कमांड आहे.

आता माझ्याकडे कसं चालतं

मंडळी चपला काढून आत येतात, घुमटाचं कातडं दमट झालेलं असतं म्हणून कुणीतरी ते शेगडीपाशी धरून तापवतो. तेवढी दहा मिनिटं मला पुरतात. ब्राउझर बंद, वायफाय बंद, व्हिडिओ चालू असलाच तर तो बिलो नॉर्मलवर आहे ना हे डिटेल्समध्ये एकदा डोळ्यांनी बघते. मग एक मिनिट रिकामं रेकॉर्डिंग करते, कुणी गात नसताना. त्याची रेघ मोठी करून पाहते. कुठे सपाट तुकडा नाही हे दिसलं की हात वर करते.

बोटीवरचा तो मुलगा पुढच्या खेपेला सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला स्वतःहून बोलावून घेतलं आणि तीच आरती पुन्हा घेतली. 'देवा'चा 'वा' त्याने पहिल्यापेक्षाही लांबवला. मागे एका बारशाचा व्हिडिओ तयार होत होता, तो नेहमीपेक्षा उशिरा, रात्रीची जेवणं झाल्यावर पूर्ण झाला. आरतीत एकही टिक नव्हता. फाइल मी त्याच्या आईच्या फोनवर पाठवली, जुनी काढून टाका म्हणून सांगितलं. तिने दोन्ही ठेवल्या आहेत.